चारशे चारावं ग्लुटामेट

थांबा, थांबा, मला पहिल्यापासून सांगू द्या. नाहीतर तुम्ही मधेच म्हणणार, "अगं मग तुला आधी कळलं कसं नाही?" आणि सगळा घोळ तिथेच आहे. मला कळायला पाहिजे होतं. माझं कामच ते होतं.

तर मी तेव्हा तृणधारामध्ये होते. ज्वारीच्या बियाण्यांची कंपनी. सांगोल्याच्या पुढे उघड्या माळावर एकटीच पांढरी इमारत. आत एसी, बाहेर सलग तिसऱ्या वर्षीचा दुष्काळ. मी काही मोठी शास्त्रज्ञ वगैरे नव्हते हां. ज्वारीचं पान खलात कुटायचं, नळीत घालायचं, वर पिक्रेटचा पिवळा कागद लटकवायचा, बूच लावायचं, दहा मिनिटं थांबायचं. कागद पिवळाच राहिला तर पानात सायनाइड नाही. विटेसारखा लाल झाला तर आहे. मग फोटो आणि खाली सही: अंबिका मेटकरी. बास. दिवसाला साठ पानं.

आता हे सायनाइड ज्वारीत कुठून आलं, ते ऐका. आम्हा धनगरांच्या घरात पोराला बाराखडीच्या आधी हे शिकवतात, की ज्वारी कापल्यावर धसकटाला जो नवा हिरवागार फुटवा येतो, त्यात मेंढरू सोडायचं नाही. किराळ लागतं. मेंढरू चरतं, बसतं, मान मागे टाकतं आणि संपतं. माझे मामा, म्हाळाप्पामामा, ज्यांनी मला लहानाचं मोठं केलं, त्यांची एका वर्षी अकरा मेंढरं अशी गेली होती. तेव्हापासून ज्वारीचं हिरवं पान दिसलं की मामा कळप लांबून वळवायचे.

किराळ म्हणजे काय, तर ज्वारीच्या पानात धुरिन नावाचं रसायन असतं. म्हणजे साखरेला बांधून ठेवलेलं विष. बांधलेलं आहे तोवर गरीब गाय. त्याच पानात पण दुसऱ्या कप्प्यात एक एन्झाइम बसलेलं असतं, ते ही गाठ तोडतं. जनावरानं पान चावलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि सायनाइड मोकळं.

आणि ते एन्झाइम कसं तोडतं माहितीये? अडकित्ता डोळ्यासमोर आणा. पाचशेच्या वर अमिनो आम्लांची माळ, स्वतःभोवती गुंडाळून तिचा गोळा झालेला, मधे एक खाच. पण खरं कापतात फक्त दोन. एकशे एकोणनव्वदावं ग्लुटामेट आणि चारशे चारावं ग्लुटामेट. ही दोन पाती. एक साखरेला धरतं, दुसरं तुटायच्या जागी एक प्रोटॉन सरकवतं, आणि कट्. बाकीची पाचशे म्हणजे मूठ, खिळा, सुपारी नीट बसावी म्हणून केलेली खोबण. आणि अडकित्ता झिजत नाही बरं का. एक सुपारी कातरली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी.

आमच्या लॅबच्या प्रमुख पाठारे मॅडमनी काय केलं, तर चारशे चारावं ग्लुटामेट काढून तिथे ग्लुटामीन बसवलं. आकार जवळपास तोच, फक्त टोकाचा एक ऑक्सिजन गेला, नायट्रोजन आला, आणि त्याच्यावरचा ऋण भार गेला. एका पात्याची धारच गेली! सुपारी खाचेत बसते, पण कातरली जात नाही. जनावर चावतंय, चावतंय, विष निघतच नाही. वाणाचं नाव ठेवलं 'निर्धास्त'. मी साडेचार हजार पानं तपासली त्याची. एकूण एक कागद पिवळा. मला इतका अभिमान होता ना! मी काही केलेलं नव्हतं, नुसते कागद लटकवले होते, तरी.

त्या वर्षी माळावर हिरवं म्हणून काही नव्हतंच. आमच्या प्रयोगाच्या शेतात मात्र कापणीनंतर निर्धास्तचा फुटवा गुडघाभर. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या मामांची मेंढरं सोड की तिथे. आपल्यालाही बघायला मिळेल." मी उड्या मारत गेले मामांकडे.

"ज्वारीच्या फुटव्यात? डोकं फिरलंय काय गं तुझं?" मामा म्हणाले. "लई शिकलीस म्हून आता मेंढरं मारतीस व्हय?"

"मामा, हे बघा तरी." मी सगळं सामान नेलं होतं. त्यांच्यासमोर पान कुटलं, कागद लटकवला, आणि आम्ही तिघं, मी, मामा आणि मायाक्कामामी, त्या नळीकडे बघत बसलो. मामी म्हणाली, "काय गं, चहा उकळंस्तवर बघायचं का?" दहा मिनिटं. कागद पिवळा धम्मक.

मामांनी कागदावर विश्वास ठेवला नाही. ते माझ्याबरोबर आमच्या प्रयोगाच्या शेतावर आले, स्वतः पान उपटलं, तळव्यावर चुरगाळलं आणि नाकाला लावलं. किराळाच्या पानाला एक कडवट वास येतो, तो त्यांना पाच हातांवरून कळायचा. दोनदा हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि शप्पथ सांगते, ते असं बघत होते जशी मीच देव.

"वास न्हाई," ते म्हणाले. "आयला. खरंच न्हाई की गं."

"उद्या सोडा," मी म्हटलं.

त्यांची एक रीत होती, ती मला माहीत होती आणि तरी त्या दिवशी आठवली नाही. नव्या रानात मेंढरं घालायची तर आधी तिथलं पान मालकानं खायचं. आधी मी, मग मेंढरं. त्यांचे वडीलही तसंच करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा. मी लॅबमध्ये. आमच्याकडे नळाला पाणी अकराला यायचं आणि मला तोपर्यंत आठ पानं उरकायची होती. रोज सुरुवातीला एक साधी ज्वारी कुटायची असते, कागद धड आहेत ना हे बघायला. त्या दिवशी मिळालेलं पान जुनं, निबर होतं, विष जेमतेम. कागद किंचित नारिंगी झाला, पुरे. मग खल धुवायचा. पाणी नाही. आणि मी काय केलं? टिश्यूनं पुसला. नुसता पुसला, आणि त्यातच निर्धास्तचं पान कुटलं, जे त्याच शेतातून आलेलं होतं.

एक मिनिट झालं नसेल, कागद लाल.

मी म्हटलं, झालं, खल घाण, साध्या ज्वारीचं विष राहिलं. पण कागद लाल होऊन थांबेना. विटेसारखा झाला, मग काळपट, सुकलेल्या रक्तासारखा. साडेचार हजारांत असा कागद मी बघितला नव्हता. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. साध्या ज्वारीचा स्वतःचा कागद फक्त नारिंगी होता ना! खलात तिचा उरलेला ओशट थर केवढासा, आणि एवढ्याशातून एवढं विष? शक्य नाही. त्या थरात विष नव्हतंच. त्या थरात अडकित्ता होता. धारवाला, साधा, चारशे चारावं ग्लुटामेट जागेवर असलेला. थोडासाच, पण त्याला झिजणं माहीत नाही. आणि त्याला निर्धास्तच्या पानात सुपाऱ्यांचे ढीग मिळाले.

कळतंय का तुम्हाला? आम्ही अडकित्ता मोडला, सुपारी तिथेच ठेवली, आणि सुपारी आहे का हे बघायला तोच मोडका अडकित्ता वापरत राहिलो. साडेचार हजार वेळा! आणि मामांचं नाकही तेच करत होतं, कारण तो वास येतो तो मोकळ्या विषाचा. उलट विष वाढलं होतं. झाड एरवी धुरिन तोडून त्यातला नत्र परत वापरतं. यातलं तुटतच नव्हतं, नुसतं साठत होतं, आणि दुष्काळात तर ज्वारी धुरिन आणखीच बनवते. गाईंवर चाचणी झाली होती, हो, पण वाळलेल्या कडब्याची. पिकून वाळलेल्या ताटात फारसं धुरिन नसतंच, ते असतं कोवळ्या फुटव्यात.

आणि मेंढीच्या पोटात अब्जावधी जंतू असतात. त्यांचे स्वतःचे अडकित्ते असतात.

मामांना फोन लावला. दोनदा भलत्यालाच लागला.

"मामा, मेंढरं बाहेर काढा. आत्ता. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता धा वाजता तर आत घातली. काय झालं?"

"काढा हो! विष आहे त्यात!"

"काय बोलतीस अंबे? मी सवताच खाल्लाय की सकाळी. साडेआठला. चांगल्या चार मुठी. तू कागद दावलास म्हून जरा जास्तच खाल्ला." ते हसले. "दोन तास झालं, बग, ठणठणीत हाय मी."

मी घड्याळाकडे बघितलं. कारण माणसाच्या पोटातही जंतू असतात. वर नाही, खाली, आतड्यात. अन्न तिथे पोचायला वेळ लागतो.

"थांब गं," ते म्हणाले. "एक मेंढी बसली." मग नुसता वारा. मग, "अजून एक बसली." मग त्यांनी मामीला हाक मारली, अशी हाक मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि फोन पडला बहुतेक, कारण पुढे नुसता मेंढरांचा आवाज येत राहिला.

मी पळत मॅडमच्या केबिनमध्ये. कागद टेबलावर टाकला, सगळं एका श्वासात सांगितलं. मॅडम वाईट नाहीत हां, उगाच तसं समजू नका. त्यांनी कागद उचलला, उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला ते मी बघितलं. पण पहिला प्रश्न काय?

"खल धुतला होतास?"

"नाही."

"मग ही चाचणी बाद आहे, अंबिका. तूच सांग, आहे की नाही बाद? धुतलेल्या खलात तीनदा कर. संध्याकाळपर्यंत मला दे."

आणि सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? त्या बरोबर बोलत होत्या. नियमानं चाचणी बादच होती. एक क्षण मला खरंच वाटलं की नळाला पाणी येईल, खल धुऊ, परत करू, पिवळा येईल आणि सगळं नीट होईल. आणि पिवळा आलाच असता! तोच तर वांधा.

मी स्कूटर काढली.

अठरा किलोमीटर. रस्ता कसा गेला काही आठवत नाही. शेताच्या बांधावर पोचले तर मेंढरं फुटव्यात इथे तिथे आडवी, पाय झाडत होती, माना पाठीवर. उरलेली मामीनं बाहेर हाकलली होती आणि एकेकीचा जबडा उघडून गुळाचं पाणी ओतत होती. रडत नव्हती. नुसतं ओतत होती. एका मेंढीचा ओठ वर झाला होता, आतली हिरडी लालबुंद, डाळिंबासारखी. सायनाइडमध्ये असंच होतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो घेताच येत नाही. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले.

मामा बांधावर बसले होते. मला बघून उठायला गेले आणि परत बसले.

"जरा गरगरतंय," ते म्हणाले. "पळापळ झाली न्हवं."

मामी माझ्या कानाशी आली. "अंबे, ह्यांस्नी बघ की. रंग कसा आलाय. लगीन झालं तवासुद्धा एवढं गोरं दिसत न्हवतं."

मामांचे गाल गुलाबी होते. उन्हात करपलेले माझे मामा, आणि गुलाबी गाल.

माझी स्कूटर, मधे मामा, मागे मामी त्यांना विळखा घालून. मामांचं डोकं माझ्या पाठीवर. आधी ते बोलत होते, "सावकाश घे, सावकाश." मग नुसता श्वास, मोठा, कुत्र्यासारखा. मग मामी ओरडायला लागली, "बोला की ओ! बोला की!" आणि ते बोलेनात.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर तांबोळी म्हणून एक होते, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे असतील. त्यांनी ऑक्सिजन लावला. मी म्हटलं, सायनाइड आहे, निर्धास्त ज्वारीचा फुटवा खाल्लाय, सकाळी साडेआठला. त्यांनी ऐकलं, एक प्रश्न विचारला नाही, सरळ औषधाच्या कपाटाकडे गेले. ते कपाट तुम्ही पाहिलंय ना आता सगळीकडे आहे तसलं? पडद्याला आजार सांगायचा, त्याला पटलं की खण उघडतो. महाग औषधं चोरीला जातात म्हणून.

पडद्यावर आलं: 'सायनाइड: शक्यता नगण्य. खाल्लेला वाण: निर्धास्त. प्रमाणपत्र: विषमुक्त. तपासणी: अंबिका मेटकरी. उष्माघाताचे उपचार सुरू करावेत.'

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे.

"ह्या तुम्हीच का?"

"हो."

"थांबा, मी जिल्ह्याला फोन लावतो, तिथून उघडता येतं." त्यांनी लावला. फोनवर गोड आवाजात बाई म्हणाली, आपण रांगेत तेविसावे आहात. डॉक्टरांनी खण ओढला, कपाटाला लाथ मारली, खरंच लाथ मारली, पातळ पत्रा वाटतो पण हलला नाही. "तुमचं प्रमाणपत्र आहे ना? मग तुम्हीच मागे घ्या ना!"

मी फोन उघडला. मागे घ्यायचं बटण असतं, मी ते कधी दाबलं नव्हतं. दाबल्यावर लिहून आलं: 'प्रमाणपत्र रद्द झाल्यास या वाणाच्या सर्व धारकांना तत्काळ इशारा जाईल. धारक: अकरा हजार दोनशे सहा. ही कृती परत फिरवता येत नाही.' अकरा हजार! मला वाटत होतं बियाणं पुढच्या महिन्यात जाणार आहे. ते आधीच गेलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन. त्यांना कंपनीत दिसत असणार मी कुठे बोट ठेवलंय ते.

"अंबिका, दाबू नकोस. ऐक माझं. माझी सही आहे तुझ्या सहीखाली. आपण उद्या पद्धतशीर करू. एका न धुतलेल्या खलावर तू अकरा हजार लोकांना—"

"मॅडम, माझे मामा श्वास घेईनात."

 त्या हळूच म्हणाल्या, "आणि तू चुकत असलीस तर?"

मला माहीत नव्हतं हो! तुम्हाला वाटत असेल मला खात्री होती. मला काही खात्री नव्हती. एक काळपट कागद आणि डाळिंबासारखी हिरडी, एवढंच माझ्याकडे होतं. मी मामांकडे बघितलं. मामी त्यांचे पाय चोळत होती आणि त्यांना शिव्या देत होती, सगळ्या येतात तेवढ्या.

मी फोनवर अंगठा ठेवला. पडद्यानं घेतला नाही. हातांना मेंढरांच्या लोकरीचा ओशटपणा लागलेला. ड्रेसला पुसला, परत ठेवला. नाही घेतला. तिसऱ्यांदा जिभेनं अंगठा चाटला, डॉक्टरांनी आपल्या बाहीनं पुसला, आणि ठेवला.

कपाटानं 'टक्' केलं आणि खण बाहेर आला.

औषध लालभडक असतं ते. बी-ट्वेल्वचं भावंड. रक्तात फिरून सायनाइडला मिठी मारतं आणि दोघांचं मिळून साधं बी-ट्वेल्व होतं, लघवीवाटे जातं. पंधरा मिनिटं ते थेंब थेंब मामांच्या हातात जात होतं आणि मी थेंब मोजत होते. मामांचं अंग हळूहळू लाल व्हायला लागलं, औषधाचा रंग तो. मामी किंचाळली. डॉक्टर म्हणाले, "मामी, हा चांगला रंग आहे, घाबरू नका." पण तेही बाटलीवरून नजर काढत नव्हते, कारण आतड्यात अजून किती सुपाऱ्या शिल्लक आहेत ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि खणात तेवढी एकच बाटली होती.

दीड वाजता मामांचा श्वास आत-बाहेर धड व्हायला लागला. तीन वाजता त्यांनी डोळे उघडले.

"किती ऱ्हायली?" मेंढरांचं विचारत होते.

एकशे चाळीस होती. शेतावरच्या राखणदारानं मोजून फोनवर कळवलं होतं. "एकोणसत्तर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "मामा, माझ्यामुळे झालं. मी म्हटलं म्हणून."  त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मामीनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "आत्ता नगो बोलूस." त्याहून मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि माझा फोन वाजला. इशारा गेल्यापासून तो पिशवीत वाजतच असणार, मला ऐकू आला तो आत्ता.

अनोळखी नंबर. इशाऱ्याच्या मेसेजखाली तपासणी करणारीचं नाव आणि नंबर जातो ना, तो माझा. मी कट केला. परत वाजला. दुसरा नंबर. कट केला. तिसरा. स्क्रीनवर बघितलं तर एकोणीस मिस्ड कॉल. जत, अक्कलकोट, जामखेड, कुठून कुठून. मी फोन उशीखाली ढकलला, तर उशी थरथरायला लागली. मी त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, लहान पोरगी बसते तशी, आणि मला एवढंच वाटत होतं की हा बंद व्हावा. मी एक मामा वाचवला, बास ना. बाकीच्यांना काय सांगू? इथली एक बाटली तर संपलीसुद्धा.

"अंबे," भिंतीकडे तोंड करूनच मामा म्हणाले.

"काय?"

"उचल."

"मामा, मला नाही जमणार."

"मी तुझ्या भरवशावर खाल्लं," ते म्हणाले. आवाज फाटलेला, घशात नळी लागल्यासारखा. "त्यांनीबी खाल्लं आसंल. उचल."

मी फोन काढला. पलीकडे एक बाई होती, मागे गुरं हंबरत होती, आणि तिला धड बोलताही येत नव्हतं. ताई, ताई, एवढंच म्हणत होती.

मी विचारलं, "कुणी खाल्लं? किती वाजता?"